निवृत्त न्यायमूर्तींचा अधिकार येतो कुठून? डहाणूची बावीस वर्षं

‘निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली.’ हे वाक्य बातमीत आलं की काही जण म्हणतात, चला, आता न्याय मिळणार. बाकीचे म्हणतात, चला, प्रकरण गुंडाळलं. दोघंही घाई करतात. निवृत्त न्यायमूर्तींच्या हातात नेमकं काय आहे हे त्यांच्या नावावरून किंवा कीर्तीवरून कळत नाही, त्यांना ज्या कागदाने नेमलं त्या कागदावरून कळतं. तो कोणी काढला, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला, आणि त्यात ‘शिफारस करील’ असं लिहिलंय की ‘निर्देश देईल’, एवढं पाहिलं तरी पुढचा बराच अंदाज येतो.

हे समजून घ्यायला न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींइतकं सोयीचं उदाहरण महाराष्ट्रात नाही, कारण एकाच माणसाने वेगवेगळ्या ताकदीच्या कागदांवर काम केलं. जन्म २० नोव्हेंबर १९२७, रायपूरचा. वडील दादा धर्माधिकारी, गांधीविचारांचे भाष्यकार आणि संविधान सभेचे सदस्य. चंद्रशेखर धर्माधिकारी बेचाळीसच्या चळवळीत होते, पुढे नागपुरात वकिली केली, जुलै १९७२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि नोव्हेंबर १९८९ मध्ये निवृत्त झाले. म्हणजे न्यायासनावर साधारण सतरा वर्षं. त्यानंतर १९९६ च्या डिसेंबरपासून ३ जानेवारी २०१९ ला निधन होईपर्यंत ते डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे अध्यक्ष होते. ही बावीस वर्षं झाली. निवृत्तीनंतरचं हे एक काम त्यांच्या न्यायमूर्तिपदाहून जास्त काळ चाललं.

आधी, अपिलाचं न्यायमूर्तिपद म्हणजे काय काम?

खालच्या न्यायालयात साक्षीदार उभा राहतो, उलटतपासणी होते, कागद ‘निशाणी’ म्हणून दाखल होतात. उच्च न्यायालयात अपील येतं तेव्हा साक्षीदार समोर नसतो, येतं ते रेकॉर्ड. अपिलाच्या न्यायमूर्तींचं मुख्य काम म्हणजे ते रेकॉर्ड वाचून खालच्याने कुठे चूक केली का, हे शोधणं आणि आपण जे ठरवतोय त्याची कारणं लिहिणं.

अपिलांतही फरक असतो. दिवाणी दाव्यातलं पहिलं अपील दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खाली होतं. त्यात वस्तुस्थितीचे मुद्दे आणि कायद्याचे मुद्दे, दोन्ही नव्याने तपासता येतात. दुसरं अपील कलम १०० खाली. त्यात कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न लागतो, आणि तो न्यायालयाने लिहून ठरवल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. ‘बांध माझाच होता, खालच्या दोन्ही कोर्टांना कळलं नाही’ एवढ्यावर दुसरं अपील उभं राहत नाही. अनेक पक्षकारांचे पैसे आणि वर्षं इथेच वाया जातात.

मुदतींचंही तसंच. दिवाणी हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस, इतर न्यायालयात ३० दिवस. फौजदारी शिक्षेवर उच्च न्यायालयात ६० दिवस, इतरत्र ३०. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ यातून वजा होतो, पण त्यासाठी नकलेचा अर्ज वेळेत केलेला असावा लागतो. अपील दाखल झालं की खालच्या निकालाला आपोआप स्थगिती मिळते, हाही एक पक्का गैरसमज आहे. स्थगिती वेगळी मागावी लागते, ती मिळेपर्यंत समोरचा पक्ष दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या बजावणीचा अर्ज, लावून ताबा घेऊ शकतो.

फाशीच्या शिक्षेचं मात्र वेगळं आहे. सत्र न्यायालयाने फाशी दिली तर आरोपीने अपील केलं नाही तरी प्रकरण उच्च न्यायालयात जातंच. तिथे शिक्षा कायम झाल्याशिवाय ती अमलात येत नाही. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६६ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४०७.

हे इतकं सांगायचं कारण असं की या कामातून तीन सवयी लागतात. समोर नसलेल्या पुराव्यावर बोलायचं नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय हुकूम द्यायचा नाही. आणि हुकूम दिला तर कारणं अशी लिहायची की वरच्या कोर्टात तो टिकावा. चांगला निवृत्त न्यायमूर्ती नव्या जागी या सवयी नेतो. त्याच्या आधीच्या अधिकारांपैकी मात्र तो काहीही नेत नाही.

निवृत्तीच्या दिवशी काय संपतं

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात, सर्वोच्च न्यायालयाचे ६५ व्या. उच्च न्यायालयासाठी हे वय आधी ६० होतं, १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने दोन वर्षं वाढलं. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती देशातल्या कुठल्याही न्यायालयात वकिली करू शकत नाहीत. उच्च न्यायालयाच्या कायम न्यायमूर्तींना संविधानाच्या अनुच्छेद २२० नुसार सर्वोच्च न्यायालयात आणि आपलं सोडून इतर उच्च न्यायालयांत उभं राहता येतं. अनुच्छेद २२४-अ खाली निवृत्त न्यायमूर्तींना त्यांच्या संमतीने पुन्हा काही काळ उच्च न्यायालयात बसवता येतं, पण ही तरतूद फार क्वचित वापरली गेली आहे.

म्हणजे निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी न्यायमूर्ती कायद्याच्या दृष्टीने तुमच्याआमच्यासारखे नागरिक असतात. समन्स काढता येत नाही, कोणाला हजर राहायला लावता येत नाही, अवमानाची कारवाई तर नाहीच. पुढे जो काही अधिकार मिळतो तो नव्या कागदाने मिळतो.

कागद आणि त्याची ताकद

सगळ्यात हलका कागद सरकारी निर्णयाने नेमलेल्या समितीचा. ती अभ्यास करते आणि सल्ला देते. महाराष्ट्र सरकारने २०१० मध्ये महिलांवरील अत्याचार रोखण्याचे उपाय सुचवायला धर्माधिकारींच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने टप्प्याटप्प्याने अहवाल दिले, आणि त्या शिफारशींचं काय केलं हे पुढे जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाला सरकारला विचारावं लागलं. डहाणूत ज्यांचा हुकूम वीज कंपनीला पाळावा लागला त्याच माणसाच्या शिफारशी इथे सरकारच्या मर्जीवर राहिल्या.

त्याहून जड कागद चौकशी आयोगाचा, १९५२ च्या कायद्याखालचा. या आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे काही अधिकार असतात: समन्स काढणं, शपथेवर साक्ष घेणं, कागद मागवणं. ज्याच्या नावाला बट्टा लागू शकतो त्याला कलम ८-ब खाली नोटीस देऊन बाजू मांडू द्यावी लागते. हे राहिलं तर अहवालातले त्या माणसाविषयीचे ताशेरे न्यायालयात टिकत नाहीत. अहवाल आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो कार्यवाहीच्या टिपणासह विधिमंडळात मांडायचा असतो. पण आयोग कोणाला शिक्षा करत नाही. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते: कलम ६ मुळे आयोगासमोर दिलेला जबाब, खोट्या साक्षीचा खटला सोडला तर, तो देणाऱ्याच्याच विरुद्ध वापरता येत नाही. ‘आयोगापुढे त्याने कबूल केलं होतं, मग सुटला कसा?’ याचं उत्तर बऱ्याचदा या कलमात असतं. पोलिसांना पुरावा नव्याने गोळा करावा लागतो. आयोगाची खरी ताकद राजकीय असते. मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत आयोगाचा अहवाल २००५ मध्ये आला तेव्हा राज्यात मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले, पण ते कायद्याच्या नव्हे, लोकमताच्या रेट्याने.

लवाद आणि लोकअदालत हे वेगळेच प्रकार. लवादाचा निवाडा हुकूमनाम्यासारखा बजावता येतो, तो रद्द करून घ्यायला साधारण तीन महिने मिळतात. लोकअदालतीत निवृत्त न्यायाधीश पॅनलवर असतात, पण ते निकाल देत नाहीत, तडजोड नोंदवतात. एकदा सही झाली की त्यावर अपील नाही, कोर्ट फी परत मिळते. सही करण्याआधी मजकूर नीट वाचणं हाच तिथला सगळा कायदा, असं म्हटलं तरी चालेल.

सगळ्यात जड कागद असतो वैधानिक प्राधिकरणाचा, आणि तोही न्यायालयाच्या आदेशावरून निघालेला. डहाणूचा कागद हा होता.

डहाणूत प्राधिकरण का लागलं

डहाणू तालुका मुंबईच्या उत्तरेला, गुजरातच्या सीमेजवळ. तेव्हा ठाणे जिल्ह्यात, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघरमध्ये. वारली आणि इतर आदिवासींची वस्ती, किनाऱ्याला मच्छीमार, घोलवडच्या बाजूला चिकूच्या वाड्या. घोलवडच्या चिकूला पुढे भौगोलिक मानांकनही मिळालं. याच तालुक्यात खाडीकाठी कोळशावरचं ५०० मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र मंजूर झालं, २५० मेगावॉटचे दोन संच. मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणारी बीएसईएस ही कंपनी ते बांधत होती. केंद्र नंतर रिलायन्सकडे आणि त्यानंतर अदानींकडे गेलं.

स्थानिक बागायतदार आणि पर्यावरणवादी न्यायालयात गेले. १९९१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीजकेंद्राची परवानगी रद्द केली नाही, पण एक गोष्ट पक्की केली: धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याची जी अट आहे, ती परिणामांचा पूर्ण विचार केल्याशिवाय शिथिल करायची नाही. हे वाक्य तेव्हा कोणाच्या फारसं डोळ्यांत भरलं नसेल. पुढची सोळा वर्षं त्याच वाक्यावर भांडण चाललं.

त्याच वर्षी २० जूनला केंद्राने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला. उद्योगांची हिरवा, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी झाली, लाल वर्गाला मनाई. उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमीन. तालुक्याच्या सीमेबाहेर २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त. राज्य सरकारने वर्षभरात तालुक्याचा आराखडा तयार करायचा. आराखडा वेळेत झाला नाही, आणि अधिसूचना पाळली जात नाही म्हणून पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांनी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला पाहणी करायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर १९९६ ला निकाल दिला.

या निकालातला प्राधिकरणाचा भाग इथे महत्त्वाचा. केंद्राने पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ च्या कलम ३(३) खाली प्राधिकरण नेमायचं. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. सदस्य जलविज्ञान, समुद्रविज्ञान, जमिनीवरची आणि पाण्यातली परिसंस्था, पर्यावरण अभियांत्रिकी, नियोजन आणि माहिती तंत्रज्ञान यांतले जाणकार. प्राधिकरणाने दोन तत्त्वं अमलात आणायची: नुकसानाची शंका रास्त असेल तर पूर्ण पुराव्याची वाट न पाहता आधीच खबरदारी घेणं, आणि प्रदूषण करणाऱ्याने भरपाई देणं. पुढची देखरेख मुंबई उच्च न्यायालयाकडे. १९ डिसेंबर १९९६ ला अधिसूचना निघाली आणि धर्माधिकारी अध्यक्ष झाले.

समितीच्या कागदाशी तुलना केली की फरक लगेच दिसतो. समिती सरकार नेमतं आणि सरकारच थंड करतं. हे प्राधिकरण न्यायालयाच्या सांगण्यावरून उभं राहिलं, म्हणून ते गुंडाळायलाही न्यायालयाची परवानगी लागते. केंद्राने ती मागून पाहिली होती. प्राधिकरण टिकलं.

गंधकाचं गणित आणि तीनशे कोटींची गॅरंटी

कोळशात गंधक असतं. जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो आणि वजन दुप्पट होतं, कारण गंधकाच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात आणि त्या दोघांचं वजन मिळून गंधकाइतकंच भरतं. समजा कोळशात अर्धा टक्का गंधक आहे. मग १०० टन कोळशामागे अर्धा टन गंधक आणि धुरात एक टन सल्फर डायऑक्साइड. ५०० मेगावॉटचं केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला हजारो टन कोळसा लागतो, म्हणजे हा वायू दिवसाला टनांच्या दशकांत मोजायचा.

डहाणूच्या केंद्राची चिमणी २७५ मीटर उंच आहे. उंच चिमणी वायू नाहीसा करत नाही, तो लांबवर आणि विरळ पसरवते. जवळच्या मोजणी यंत्रावर आकडा कमी दिसतो, एवढाच तिचा फायदा. ‘आकडे तर मर्यादेत आहेत’ हा कंपन्यांचा युक्तिवाद ऐकताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

वायू काढून टाकायचा असेल तर धूर धुवावा लागतो. डहाणूत समुद्राचं पाणी वापरणारी पद्धत बसवली गेली. समुद्राचं पाणी मुळातच थोडं अल्कधर्मी असतं, त्यातले बायकार्बोनेट आम्लाला मारतात. धूर मनोऱ्यातून वर जातो, वरून पाणी पडतं, वायू पाण्यात विरघळतो. मग त्या पाण्यात हवा सोडून सल्फाइटचं सल्फेट करतात. सल्फेट समुद्रात आधीपासूनच भरपूर असतं, लिटरला साधारण पावणेतीन ग्रॅम, त्यामुळे थोडी भर पडल्याने मोठा फरक होत नाही. चुनखडीच्या पद्धतीत तयार होणाऱ्या जिप्समचं काय करायचं हा प्रश्न इथे येत नाही. बिघडतं ते शेवटच्या टप्प्यावर: हवा कमी पडली किंवा पाण्याचं प्रमाण चुकलं तर खाडीत सोडलेलं पाणी आम्लधर्मी राहतं, प्राणवायू घटलेला असतो, आणि त्याची झळ मासळीला बसते. म्हणून अशा केंद्राच्या अहवालात चिमणीच्या आकड्यांइतकंच बाहेर सोडलेल्या पाण्याचा सामू (पीएच) आणि विरघळलेला ऑक्सिजन हे आकडे पाहायचे असतात. बहुतेक जण चिमणीपाशी थांबतात.

वीजकेंद्र १९९५ मध्ये सुरू झालं, यंत्रणा नव्हती. १९९९ च्या मे महिन्यात प्राधिकरणाने ती सहा महिन्यांत बसवा असा आदेश दिला. कंपनीचं म्हणणं होतं की आमच्या कोळशात गंधक कमी, हवेचे आकडे मर्यादेत, खर्च मोठा आणि तो ग्राहकावर पडणार. हे मुद्दे पोकळ नव्हते. पण अट परवानगीतच होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला हात लावू नका म्हटलं होतं. मुदती टळत गेल्या.

इथे धर्माधिकारींची न्यायासनावरची सवय कामाला आली. अपिलाच्या न्यायमूर्तीला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: हुकूम देणं सोपं, बजावणी अवघड. मुदत टळल्यावर दंड करायचा म्हटलं की दंडावर नवं प्रकरण, त्यावर स्थगिती, त्यावर अपील. २००५ मध्ये प्राधिकरणाने कंपनीला ३०० कोटी रुपयांची बँक गॅरंटी द्यायला सांगितलं. बँक गॅरंटी म्हणजे कंपनीने काम केलं नाही तर ठरलेली रक्कम मी देईन, असं बँकेने दिलेलं लेखी वचन. ती वटवायला दावा लावावा लागत नाही, सहसा एक पत्र पुरतं. म्हणजे टाळाटाळीचा खर्च आधीच कंपनीच्या खात्याला बांधला गेला. कंपनी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने रक्कम १०० कोटींवर आणली, पण गॅरंटी द्यायला लावलीच. २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली.

आदेशापासून आठ वर्षं, वीजकेंद्र सुरू झाल्यापासून बारा. याला यश म्हणायचं का? देशातली कोळशाची बहुतेक वीजकेंद्रं तेव्हा या यंत्रणेशिवाय चालत होती, आणि सगळ्यांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा केंद्राने पहिल्यांदा ठरवली ती २०१५ च्या डिसेंबरमध्ये. त्या हिशेबाने यश म्हणायला हवं. बारा वर्षं तो धूर घेतलेल्या वाडीवाल्याला मात्र हा हिशेब ऐकवायला जाऊ नये.

वाढवण: त्याच कागदाचे दोन अर्थ

डहाणूजवळच्या वाढवणला मोठं बंदर बांधायचा प्रस्ताव नव्वदच्या दशकात एका परदेशी कंपनीमार्फत आला होता. १९९८ च्या सप्टेंबरमध्ये धर्माधिकारींच्या प्राधिकरणाने तो नाकारला. तर्क सरळ होता: १९९१ च्या अधिसूचनेनुसार आणि १९९६ च्या निकालानुसार या तालुक्यात एवढा मोठा प्रकल्प बसतच नाही.

२०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवणच्या बंदराला तत्त्वतः मंजुरी दिली. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांची वर्गवारी बदलली, त्यांना उद्योगांच्या यादीतून काढून बिगर-औद्योगिक कामांत टाकलं. अधिसूचनेची मनाई उद्योगांना होती. बंदर ‘उद्योग’च राहिलं नाही, तर मनाईचा मुख्य आधारच निसटतो. धर्माधिकारी २०१९ मध्येच गेले होते, प्राधिकरण काही काळ अध्यक्षाविना होतं. नंतर नेमलेल्या अध्यक्षांच्या काळात, ३१ जुलै २०२३ ला, त्याच प्राधिकरणाने अटी घालून बंदराला परवानगी दिली. उच्च न्यायालयात तिला आव्हान दिलं गेलं, ते फेटाळलं गेलं. ३० ऑगस्ट २०२४ ला पायाभरणी झाली, खर्चाचा आकडा ७६,२२० कोटी रुपये.

यावरून १९९८ चा निर्णय बरोबर की २०२३ चा, हे ठरवायला किनाऱ्याचं, गाळाचं आणि मासळीचं ज्ञान लागतं. कायद्याच्या वाचकाने मात्र एक गोष्ट टिपावी. मूळ अधिसूचनेतली मनाई खोडली गेली नाही, तिच्यातल्या एका शब्दात काय बसतं ते दुसऱ्या खात्याच्या दुसऱ्या कागदाने बदललं.

तक्रारीची दुसरी बाजूही डहाणूत ऐकू येते, आणि ती दडवण्यात अर्थ नाही. नवे कारखाने येत नाहीत म्हणून पोरं बोईसर-वापीला जातात. फुग्यांचे कारखाने, चिंचणीचा डायमेकिंगचा (साचे बनवण्याचा) धंदा असे छोटे उद्योग सोडले तर तालुक्यात कारखानदारी वाढू शकली नाही. प्राधिकरणाचं काम रोखण्याचं होतं, रोजगार निर्माण करण्याचं नव्हतं. तो अधिकार त्याच्या कागदात नव्हताच.

अशा प्राधिकरणापुढे जायचं तर

पहिलं काम मूळ अधिसूचना मिळवण्याचं. ती राजपत्रात असते. मिळाली नाही तर माहिती अधिकारात मागा, केंद्रीय खात्यासाठी फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तीत तीन जागा शोधा: कोणत्या कलमाखाली नेमणूक आहे, पर्यावरण कायद्याच्या कलम ५ चे निर्देश देण्याचे अधिकार दिलेत का, आणि मुदत किती. कलम ५ असेल तर कारखाना बंद करण्यापर्यंत, त्याची वीज आणि पाणी तोडण्यापर्यंत हात पोचतो. नसेल तर तुमचा अर्ज बहुधा ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ पुढे पाठवला जाईल, आणि तो प्रवास आपल्याला ठाऊक आहे.

दुसरं, प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीचं पत्र. त्यात अटी क्रमांकाने असतात. ‘प्रदूषण होतंय’ असा अर्ज आणि ‘अट क्रमांक अमुक पाळली गेलेली नाही’ असा अर्ज यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर पाहणीचा हुकूम होतो, दुसऱ्यावर कंपनीला उत्तर द्यावं लागतं. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पधारकाने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा अहवाल द्यायचा असतो. लागोपाठचे तीन-चार अहवाल शेजारी ठेवून वाचा. एकाच अटीपुढे दोन वर्षं ‘काम प्रगतिपथावर’ लिहिलेलं असेल, तर तुमचा निम्मा पुरावा कंपनीनेच लिहून दिला आहे.

अर्जाला जोडायचं ते मोजकं: गट क्रमांकासह सातबारा, तारखेचे फोटो, पाण्याचा किंवा मातीचा नमुना घेतला असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल. नमुना स्वतः बाटलीत भरून नेला की समोरचा वकील पहिल्या पाच मिनिटांत तो उडवतो, कारण तो कुठून, कधी, कोणासमोर घेतला याची नोंद नसते. पंचनामा करा, निदान ग्रामपंचायतीच्या दोन सदस्यांच्या सह्या घ्या. मासळी किंवा फळ कमी झाल्याची तक्रार असेल तर मागच्या काही वर्षांच्या विक्रीच्या पावत्या लावा, म्हणजे सोसायटीच्या किंवा बाजार समितीच्या. तोंडी ‘आधी खूप यायचं’ याला रेकॉर्डमध्ये जागा नसते.

सुनावणीत आपल्याला काय हवंय ते एका परिच्छेदात लिहून द्या, आणि निकाल सकारण मागा. कारणं नसलेला आदेश आपल्या बाजूने लागला तरी वर टिकत नाही, विरोधात लागला तर त्याला आव्हान कशावर द्यायचं ते कळत नाही. मुदत मागितली गेली तर हरकत नोंदवा, आणि मुदतीबरोबर बँक गॅरंटीची मागणी लेखी करा. डहाणूचा दाखला द्यायला इथेच जागा आहे.

प्राधिकरण नुसतं पडून राहिलं, अध्यक्ष नेमलेच नाहीत, तर पर्यावरण कायद्याच्या कलम १९ चा रस्ता उरतो. केंद्राला ६० दिवसांची लेखी नोटीस देऊन नागरिकाला स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करता येते. नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. साठ दिवस मोजायला ती लागते.